‘मले’ची वंशावळ

नागपूर आणि वऱ्हाडच्या बोलीत चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ आहे. प्रमाण मराठीतली ‘मला, तुला, त्याला, तिला, आम्हाला, तुम्हाला, त्यांना’ ही रूपे इथे ‘मले, तुले, त्याले, तिले, आमाले, तुमाले, त्यायले’ अशी होतात. ‘कोणाला’चे ‘कोनाले’ होते आणि ‘कशाला’च्या जागी ‘कायले’ येते. शाळेच्या व्याकरणात ज्याला अप्रत्यक्ष कर्म म्हणतात, म्हणजे ज्याला काही दिले, सांगितले, दाखवले जाते त्या व्यक्तीसाठी वापरायची ही सर्वनामे. पण त्यांचे काम तेवढ्यावर थांबत नाही. भूक, झोप, आवड, आठवण, नाते, सक्ती अशा गोष्टी ज्याच्या वाट्याला येतात, तोही मराठीत याच रूपात उभा राहतो.

‘मला’ आणि ‘मले’ यांत फरक एका स्वराचा. त्या स्वरामुळे बोलणारा मुंबईत किंवा पुण्यात लगेच ओळखला जातो, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत मात्र तो बहुधा तळटीपेतच सापडतो.

सुरुवात संस्कृतपासून करावी लागते. संस्कृतात ‘मला’ या अर्थाची दोन रूपे होती : ‘मह्यम्’ हे पूर्ण रूप आणि ‘मे’ हे आखूड रूप. ‘तुभ्यम्’ आणि ‘ते’ ही तशीच जोडी. आखूड रूपे वाक्याच्या आरंभी येत नसत. आधीच्या शब्दाच्या आधाराने ती उच्चारली जात. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात संप्रदान या कारकाची व्याख्या केली. कर्माच्या द्वारे कर्त्याला जो अभिप्रेत असतो, ते संप्रदान. ब्राह्मणाला गाय दिली तर गाय कर्म आणि ब्राह्मण संप्रदान. लगेच पुढच्या सूत्रात त्याने रुचणे या अर्थाच्या धातूंची गोष्ट वेगळी काढली. अशा वाक्यात ज्याला गोष्ट रुचते तोही संप्रदानच. लाडू कर्ता आणि खाणारा चतुर्थीत, ही रचना दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी सूत्रबद्ध झाली आणि ‘मले लाडू आवडते’ या नागपुरी वाक्यात ती आजही जशीच्या तशी आहे. रचना टिकली, पण तिला वाहून नेणारे प्रत्यय मधल्या काळात दोनदा बदलले.

पहिला बदल प्राकृतात झाला. चतुर्थी विभक्ती तिथे मोडली आणि तिचे काम षष्ठीकडे गेले. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त चतुर्थीच्या जागी षष्ठी येते असा नियमच आहे. संस्कृत षष्ठीचा ‘स्य’ प्राकृतात ‘स्स’ झाला. मराठीतला ‘स’ (‘रामास’, ‘त्यास’) याच ‘स्स’चा वंशज, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आज चतुर्थीचा म्हणून पाठ होणारा ‘स’ जन्माने षष्ठीचा आहे. सर्वनामांत ‘मह्यम्’चे ‘मज्झ’ झाले, त्याच्या जोडीला ‘तुज्झ’ आले, आणि त्यांतून मराठीचे ‘मज’, ‘तुज’ आणि हिंदीचे ‘मुझ’, ‘तुझ’ निघाले. नागपूरच्या बाजारात एकाच दुकानात ‘मुझे’ आणि ‘मले’ दोन्ही ऐकू येतात. दोघांचा पहिला ‘म’ एकाच घरचा आहे.

जुन्या मराठीत ही रूपे कशी होती हे पाहायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे केंद्र. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून गोळा करून म्हाइंभटाने शके १२०० च्या, म्हणजे इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पंथाचे आचार्य नागदेव यांचा ग्रंथ मराठीतच व्हावेत असा आग्रह होता. संस्कृतात लिहिले तर साध्या बायाबापड्यांना ते कळणार नाही, हे त्याचे कारण. त्यामुळे तेराव्या शतकातल्या बोलत्या गद्याचा एवढा मोठा साठा मराठीला लाभला. या गद्यात ‘तेयासि’, ‘तेयातें’, ‘मातें’, ‘तूतें’, ‘मज’, ‘तुज’ अशी रूपे पदोपदी येतात. ‘सि’ आणि ‘तें’ हे तिथले कामकरी प्रत्यय. ‘ला’ किंवा ‘ले’ प्रत्यय म्हणून जवळजवळ भेटत नाहीत. ज्या मुलखात आज ‘ले’शिवाय वाक्य पुरे होत नाही, त्याच मुलखात सातशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या गद्यात तो नाही, ही या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट.

महानुभावांनी व्याकरणही लिहिले. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हा मराठी व्याकरणाचा पहिला प्रयत्न मानला जातो. हेतू भाषेचा अभ्यास हा नव्हता. चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ लावताना शब्द कोणत्या विभक्तीत आहे हे ठरवायला साधन हवे होते. मात्र हे सारे वाङ्मय पंथाच्या सांकेतिक लिप्यांत बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली, आणि मग संपादनाचे बरेच काम विदर्भातच झाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभावीय वाङ्मयाची ओळख करून देणारा ग्रंथ १९२५ मध्ये काढला. नागपूरचे ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग प्रसिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची ‘लीळाचरित्रा’ची संपादित प्रत १९७८ मध्ये छापली गेली. त्याआधी राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले होते आणि १९६४ मध्ये आल्फ्रेड मास्टर यांचे जुन्या मराठीचे इंग्रजी व्याकरण आले. जुन्या चतुर्थीविषयी जे काही ठामपणे सांगता येते, ते या संपादनांच्या आणि व्याकरणांच्या जोरावर.

मग ‘ले’ आला कुठून? सर्वांत जास्त मान्यता असलेली उपपत्ती ‘लागीं’ या शब्दाची आहे. संस्कृत ‘लग्न’, म्हणजे चिकटलेला, यापासून निघालेला हा शब्द ‘साठी’, ‘कडे’ या अर्थाने जुन्या मराठीत सुटा वापरला जाई : ‘मजलागीं’, ‘तुजलागीं’. संतवाङ्मयात तो सर्वत्र आहे. असा सुटा शब्द सतत नामाला चिकटत राहिला की झिजतो आणि शेवटी त्याचा प्रत्यय होतो. ‘मजला’चा ‘मला’ झाला तो याच वाटेने. ‘मजला’ हे मधले रूप जुन्या पद्यात आणि गद्यात मुबलक सापडते. ‘मले’चीही वाट तीच, फक्त शेवटचा स्वर वेगळा उरला. ही उपपत्ती सर्वांना पटलेली नाही, कारण ‘गीं’ इतक्या सहज का गळला याचे उत्तर प्रत्येक भाषेत नीट बसत नाही. तरी नकाशा तिच्या बाजूने आहे. खानदेशात, अहिराणीत आणि लेवा गणबोलीत, ‘ले’ आहे. तिथून पूर्वेला वऱ्हाड आणि नागपूरपर्यंत तो सलग जातो. त्याही पलीकडे छत्तीसगढीत ‘मोला’, ‘तोला’ म्हणतात आणि दूर उत्तरेला नेपाळीत ‘मलाई’, ‘तिमीलाई’. ‘ल’काराची ही चतुर्थी मराठीपुरती नाही. उलट कोकणात आणि गोव्यात ‘माका’, ‘तुका’ हा ‘क’ आहे. तो हिंदीच्या ‘को’च्या जवळ जातो, पुण्याच्या ‘ला’जवळ नाही.

हा बदल रिद्धपूरच्या गद्यानंतरचा आहे, असेच मानणे सयुक्तिक ठरते. त्या गद्यात ‘लागीं’ अजून पूर्ण आणि सुटा आहे. झिजायला त्याला काही शतके लागली असणार. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या पत्रांत आणि बखरींत ‘स’ आणि ‘ला’ शेजारी शेजारी नांदतात. ‘ले’ मात्र कागदावर दिसत नाही, आणि याचे कारण भाषेपेक्षा दफ्तरात आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यात रघूजी भोसल्यांनी नागपूर ही राजधानी केली. त्यांच्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रातले कारकून, मुत्सद्दी आणि सरदार आले. भास्करराम कोल्हटकर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध नाव. दरबाराची लेखनपद्धती तीच राहिली जी सातारा-पुण्याकडे होती. मराठी पत्राच्या मायन्यातच चतुर्थी असते : राजमान्य राजश्री अमुक गोसावी ‘यांसी’. पत्र ज्याच्याकडे जायचे त्याचे नाव संप्रदानात, आणि तेही आदरार्थी अनेकवचनात. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातात ‘यांसी’ आणि ‘यांस’ इतके मुरलेले असत की वाड्याबाहेर लोक काय बोलतात याचा लेखनाशी संबंध येण्याचे कारण नव्हते. घरात एक आणि कागदावर दुसरे, ही नागपूरची सवय तेव्हापासूनची आहे.

युरोपीय व्याकरणकारांनी मराठीकडे पाहिले ते लॅटिनच्या चौकटीतून. थॉमस स्टीफन्स यांचे गोव्याच्या भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोल इथे छापले गेले; भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून ते ओळखले जाते. १७७८ मध्ये रोममध्ये मराठीचे एक व्याकरण पोर्तुगीज भाषेत छापले गेले. या लेखकांना मराठी चतुर्थी समजावून सांगायला फारसे कष्ट पडले नसावेत, कारण त्यांच्या घरच्या भाषांतही ‘देणे’, ‘सांगणे’ यांसाठी वेगळे सर्वनाम आहे : पोर्तुगीजचे ‘ल्ये’, स्पॅनिशचे ‘ले’. दोन्ही लॅटिनच्या ‘इल्ली’पासून, म्हणजे ‘त्याला’पासून, निघालेली. स्पॅनिशमधला ‘ले’ आणि वऱ्हाडीतला ‘ले’ दिसायला एक आणि कामही एकच. पण तो निव्वळ योगायोग आहे. एक मुळात सर्वनाम, दुसरा मुळात चिकटणे या अर्थाचा शब्द.

इंग्रजीतले पहिले मराठी व्याकरण विल्यम कॅरींचे. ते १८०५ मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, छापले गेले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत. त्यांचे मराठी पंडित वैजनाथ शर्मा नागपूरकडचे होते. कॅरींचा १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडी ठशांत निघाला, आणि पुढे वैजनाथ पंडितांनी ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४) व ‘हितोपदेश’ (१८१५) मराठीत आणले. नागपूरचा बंगालशी असा संबंध असण्याला राजकारणाचे कारण होते. भोसल्यांचे राज्य ओडिशापर्यंत पसरलेले असल्याने नागपूरचा दरबार पुण्यापेक्षा कलकत्त्याशी जास्त जोडलेला होता. संस्कृतचे अभ्यासक हेन्री कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचे वकील म्हणून नागपुरातच होते, आणि त्यांचे संस्कृत व्याकरणही १८०५ मध्येच आले. छापील मराठीचा एक आरंभीचा नमुना अशा रीतीने विदर्भातल्या माणसाच्या हातून गेला, पण टिकला नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली, मुंबई इलाख्यात शाळाखाते उभे राहिले आणि मराठी छपाईचे केंद्र मुंबई-पुण्याकडे सरकले. सेरामपूरची मराठी मागे पडली ती कायमची.

यानंतरचा टप्पा निर्णायक. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. इंग्रजी व्याकरणाची मांडणी आणि संस्कृतच्या संज्ञा यांचा मेळ त्यांनी घातला. मराठी शाळांत पिढ्यानपिढ्या पाठ होणारा विभक्तीचा तक्ता याच परंपरेतला : द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि अनेकवचनी ‘स, ला, ना, ते’, चतुर्थीलाही पुन्हा तेच. एकच प्रत्यय दोन ओळींत दोनदा का, हा प्रश्न चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो आणि त्याला उत्तर सहसा मिळत नाही. उत्तर असे की संस्कृतात द्वितीया आणि चतुर्थी वेगळ्या होत्या म्हणून मराठीतही त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या. मराठीच्या अंगाने पाहिले तर तिथे वेगळे काही नाही.

या तक्त्यातला ‘ते’ हा रिद्धपूरच्या ‘तें’चा अवशेष. बोलीत तो केव्हाच संपला होता. पद्यात आणि प्रार्थनेत उरला होता. शंभरांहून अधिक वर्षे मराठी मुलांनी तो पाठ केला, आणि कुणी तो एकदाही वाक्यात वापरला नाही. दुसरीकडे ‘ले’, जो खानदेशापासून गोंदियाच्या वाटेवर लक्षावधी लोक दिवसभर बोलत होते, त्याला तक्त्यात जागा नव्हती. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, वऱ्हाड १९०३ मध्ये त्याला जोडला गेला. प्रशासन वेगळे राहिले, पण मराठी शाळेचे व्याकरण मुंबई इलाख्यातले आले. मेलेला प्रत्यय शिकवायचा आणि जिवंत प्रत्यय चूक ठरवायचा, असा हा व्यवहार होता. त्याचा दोष दादोबांना देणे अन्यायाचे होईल. त्यांनी लिहिले ते शिष्टांच्या लेखी भाषेचे व्याकरण, आणि तेव्हा व्याकरण म्हणजे तेच असे.

‘ले’ला पहिल्यांदा रीतसर नोंद मिळाली ती भाषिक सर्वेक्षणात. ग्रियर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि तो पूर्णपणे मराठीला दिलेला आहे. स्टेन कोनो यांनी तो सिद्ध केला. वऱ्हाडी आणि नागपुरी या बोलींना त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. प्रत्येक बोलीतून एकच गोष्ट लिहवून घेण्याची या सर्वेक्षणाची पद्धत होती, आणि ती गोष्ट म्हणजे बायबलातल्या उधळ्या मुलाची. एका माणसाला दोन मुलगे होते, अशी ती सुरू होते. मराठीत नात्याची मालकी चतुर्थीने सांगतात. त्यामुळे पहिल्याच वाक्यात बोलीचा प्रत्यय उघडा पडतो : कुठे ‘माणसाला’, कुठे ‘मनशाक’, कुठे ‘मानसाले’. धाकटा मुलगा लगेच बापाकडे आपला वाटा ‘मला’ दे म्हणून मागतो, तिथे सर्वनामही येते. ग्रियर्सननी गोष्ट निवडली ती तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, नामाच्या बहुतेक विभक्ती आणि क्रियापदाचे तिन्ही काळ येतात म्हणून. मराठी चतुर्थीच्या अभ्यासाला ती फारच सोयीची निघाली.

मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले. विभक्ती रूपावरून ठरवायची की अर्थावरून, हा वाद त्यात सविस्तर आहे आणि तो पुढे मंगरूळकर आणि अर्जुनवाडकरांपर्यंत चालू राहिला. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेल्या ग्रंथाचे भाषांतर वा. गो. परांजपे यांनी १९४१ मध्ये केले, आणि प्रत्ययांच्या व्युत्पत्तीची चर्चा मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. यांपैकी कुणाचाही मुख्य विषय बोली नव्हता.

बोलीतला ‘ले’ प्रत्यक्षात किती कामे करतो हे पाहिले की तक्त्याची अडचण आणखी स्पष्ट होते. पहिले काम देण्याघेण्याचे : ‘त्याले पैसे दे’, ‘मले सांग’. दुसरे अनुभवाचे : ‘मले भूक लागली’, ‘तिले राग आला’, ‘पोराले ताप आहे’. नागपूरकडचे खास क्रियापद ‘गमणे’ इथेच बसते. घर सुने वाटले, मन लागेनासे झाले की पुण्याकडे ‘करमत नाही’ म्हणतात, विदर्भात ‘मले गमत नाही’. या वाक्यात गमणारी वस्तू कोणती हे शोधून सापडत नाही. उरतो फक्त ज्याला गमत नाही तो, आणि तो चतुर्थीत. तिसरे काम सक्तीचे : ‘मले जा लागते’, ‘तुले करा लागन’. चौथे दिशेचे आणि वेळेचे : ‘नागपूरले गेला’, ‘दिवाळीले ये’. पाचवे हेतूचे, आणि इथे प्रत्यय क्रियापदालाच लागतो : ‘जेवाले बस’, ‘पाहाले गेलो’. प्रमाण भाषेत हेच ‘जेवायला’, ‘पाहायला’. त्यातूनच ‘कायले’ हा सुटा प्रश्न तयार झाला. ‘कायले आला?’ यात येण्याचा हेतू विचारलेला असतो, आणि पुष्कळदा नापसंतीही.

सहावे काम कर्माचे. सजीव, विशेषतः माणूस, कर्म असेल तर त्याला ‘ले’ लागतो आणि निर्जीवाला सहसा लागत नाही : ‘पोराले पाह्यलं’, पण ‘घर पाह्यलं’. स्पॅनिशमध्येही अगदी हीच खूण आहे. माणसाला पाहिले तर आधी ‘आ’ हे अव्यय येते, घराला पाहिले तर येत नाही. आणि ‘गावाला जातो’ म्हणतानाही तेच ‘आ’. कास्तिल प्रांतात पुरुष कर्म असेल तर ‘लो’च्या जागी चतुर्थीचा ‘ले’ वापरण्याची लकब आहे. स्पॅनिश व्याकरणकारांनी तिला खास नाव दिले आणि तिच्यावर पुष्कळ वाद घातला. मराठीने तो टप्पा कधीच ओलांडला. घेणारा आणि पाहिला-मारला जाणारा माणूस, दोघांना एकच प्रत्यय लागतो, म्हणून तर द्वितीया आणि चतुर्थीच्या ओळी एकसारख्या दिसतात. दोन माणसे एकाच वाक्यात आली तर मराठी शहाणपणाने एकाचा प्रत्यय काढून घेते. ‘लेक त्यायले दिली’ या सोयरिकीच्या वाक्यात लेक माणूस असूनही बिनप्रत्ययाची उभी आहे. ज्यांच्या घरी दिली त्यांना ‘ले’ मिळाला. आवडण्याच्या बाबतीतही स्पॅनिश आणि मराठी एका रांगेत बसतात : ‘मे गुस्ता’मध्ये आवडणारी वस्तू कर्ता असते आणि आवडणाऱ्याच्या वाट्याला ‘मे’ येतो. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे उलटे वाटते. मराठी माणसाला ते समजावून सांगावेच लागत नाही.

फरक जागेचा आहे. स्पॅनिशची ही आखूड सर्वनामे क्रियापदाला बांधलेली असतात. ती पुढेमागे सरकवता येत नाहीत, आणि नाम सांगितले तरी सर्वनाम बहुधा पुन्हा येतेच. संस्कृतच्या ‘मे’, ‘ते’ यांचा स्वभाव काहीसा असाच परावलंबी होता. ‘मले’ मात्र स्वतंत्र आहे. ‘मले त्यानं सांगतलं’, ‘त्यानं मले सांगतलं’, ‘त्यानं सांगतलं मले’ ही तिन्ही वाक्ये चालतात, आणि शेवटच्या वाक्यातला शेवटचा ‘मले’ तक्रारीला फार उपयोगी पडतो.

अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत ठेवण्याची रीत भारतात सर्वदूर आहे. तेलुगूत ‘नाकु’, कन्नडात ‘ननगे’ याच कामाला येतात. विदर्भाच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे, मराठी आणि तेलुगू एकमेकींना लागून आहेत. उत्तरेकडून हिंदीचा ‘मेरे को’ नागपुरात शिरलेला आहे. आर्य आणि द्राविड भाषांत ही रचना सारखी असणे हे दीर्घ शेजाराचे लक्षण, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिंदीचा नागपुरीवर परिणाम झाला तो क्रियापदांवर जास्त; ‘काय करून रायला’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सर्वनामाचा ‘ले’ मात्र हिंदीच्या रेट्यापुढे हलला नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि राज्यकारभारात हिंदी-मराठी दोन्ही होत्या, तरी ‘मेको’ आणि ‘मले’ आपापल्या भाषेतच राहिले. ‘ले’ची जागा खरी घेतली ती ‘ला’ने. शहरातल्या शिकलेल्या घरांत, वर्गात, कचेरीत आणि आकाशवाणीवर ‘मला’ आले, आणि ‘मले’ घरच्या, बाजारच्या आणि गावाकडच्या बोलण्यात राहिले. पुष्कळ नागपूरकर दोन्ही बोलतात आणि समोर कोण आहे ते पाहून स्वर बदलतात.

साहित्यात ‘ले’ आला तो आधी कीर्तनातून. गाडगे महाराज (१८७६–१९५६) श्रोत्यांना प्रश्न विचारत कीर्तन करीत आणि ते सारे वऱ्हाडीत असे. त्यांच्या कीर्तनाची जी ध्वनिमुद्रणे आणि लेखी नोंदी उरल्या, त्यांत बोलीचा प्रत्यय सुधारून घ्यावा असे कुणाला वाटले नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत पात्रांचे बोलणे वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे. त्यामुळे एकाच पानावर ‘तिला’ आणि ‘तिले’ दोन्ही येतात : लेखक तिच्याविषयी सांगतो तेव्हा एक, माणसे तिच्याविषयी बोलतात तेव्हा दुसरे. विठ्ठल वाघांसारख्या कवींनी पुढे पूर्ण कविताच या बोलीत लिहिली.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ २०२४ मध्ये सुरू झाले. ‘तेयासि’ आणि ‘तेयातें’ यांचे सर्वांत जुने पुरावे ज्या गावाशी जोडलेले आहेत, त्याच गावात आता मराठीचा पदवी-अभ्यास होतो, आणि गावातले लोक ‘त्याले’ म्हणतात.